तीच गाडी

मोटारसायकलीची ओळख सरकारदरबारी दोन क्रमांकांवर ठरते. त्यांतला एक सांगाड्यावर, म्हणजे चेसिसवर, ठोकलेला असतो आणि दुसरा इंजिनाच्या आवरणावर. पंधरा वर्षांची मुदत संपलेल्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करावयाचे, तर ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात अर्जाबरोबर चेसिसच्या क्रमांकाचा छाप द्यावा लागतो; हा छाप म्हणजे ठोकलेल्या आकड्यांवर कागद धरून वरून पेन्सिल घासावी आणि काळसर पट्टीत ते आकडे पांढरे उमटू द्यावेत, इतकी साधी गोष्ट. गाडी रस्त्यावर चालण्यास लायक आहे की नाही याची तपासणी निराळी. परंतु ती तीच गाडी आहे की नाही, या प्रश्नाचा निवाडा त्या छापाची दप्तरातील नोंदीशी रुजवात घालून होतो, आणि चाके, टाकी, दिवा, आसन, पिस्टन हे सारे मधल्या काळात कितीदा बदलले, याची विचारपूस करण्याचे कारण कोणाला पडत नाही.

पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यात हा विचार आणखी स्पष्ट झाला आहे. अशा वाहनाची निराळी नोंदणी होते, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, नित्याच्या वाहतुकीस मनाई आहे, आणि मुख्य अट अशी की सांगाडा, बाह्य कवच व इंजिन यांच्यात मोठा फेरफार झालेला नसावा. नियम करणाऱ्यांच्या मनात असो वा नसो, या अटीत एक जुना तत्त्वविचार गृहीत धरलेला आहे: वस्तूचे काही भाग तिचे स्वरूप असतात आणि उरलेले केवळ उपाधी. हा विचार कितपत टिकतो, हा प्रश्न मला ग्रंथांनी घातला नाही. तो लालबागच्या एका चाळीत, जिन्याखालच्या जागेत, बेताच्या पैशांत एक जुनी जावा पुन्हा उभी करताना पुढ्यात आला, आणि ग्रंथांकडे मी नंतर वळलो.

गाडी माझ्या मामांची. ते परळच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियातील गाडी. रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांच्या उद्योगाने ती म्हैसूरला १९६१ पासून बनवण्यास आरंभ केला, पुढे तिचेच येझदी हे रूप आले, आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. अडीचशे घनसेंटीमीटरचे एकच सिलिंडर, ६५ मिलिमीटर व्यासाचा पिस्टन, त्या एका सिलिंडरमधून दोन बाजूंना निघालेले दोन सायलेन्सर, आणि किक मारण्याचा व गिअर बदलण्याचा एकच दांडा, ही तिची लक्षणे ज्यांनी ती चालवली आहे त्यांच्या पायांना अजून आठवत असतील. कारखाना बंद पडल्यामुळे तिचा प्रत्येक मूळ भाग ही आता मर्यादित संपत्ती झाली आहे. जो मोडला तो एकाने कमी झाला.

अशा गाडीचे एकेक अंग सुटे करून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत ठेवीत गेल्यावर एक अवस्था अशी येते की गाडी कोठेच नसते. सांगाडा भिंतीला टेकलेला, इंजिन चटईवर उघडलेले, तारांचा गुंता खुंटीवर. आणि शेजारच्या मुलाने ‘गाडी कुठे गेली?’ असे विचारले तर बोट दाखवावे असे एकही ठिकाण नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षूंनी ग्रीक राजा मिलिंद याला नेमके याच अवस्थेत आणून उभे केले आहे. राजा रथातून आला होता. रथाचा दांडा हा रथ काय, आस हा रथ काय, चाके रथ काय, जू रथ काय, असे नागसेन विचारीत जातात आणि राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो; मग या सर्वांचा ढीग म्हणजे रथ काय, आणि या सर्वांहून वेगळे काही म्हणजे रथ काय, यांनाही नकारच येतो. निष्कर्ष असा की त्या सर्वांच्या आश्रयाने चालणारा एक व्यवहार, एक नाव, तेवढाच रथ. आणि माणूसही तसाच. मुंबईच्या गिरणगावाला हा विचार परका नाही. पाली वाङ्मय मराठीत आणण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्या धर्मानंद कोसंबींचे नाव परळच्या बहुजन विहाराशी जोडलेले आहे, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा दीर्घ काळ परळच्याच बी.आय.टी. चाळीत गेला.

नागसेनांचे म्हणणे सुट्या भागांच्या समोर बसले असताना अगदी पटते. परंतु नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या आचार्यांनी, त्यास जे उत्तर दिले आहे, ते मला गाडी जोडताना कळले. त्यांच्या मते अवयवांहून निराळा असा ‘अवयवी’ हा खरोखरीचा पदार्थ आहे, आणि तो समवायसंबंधाने अवयवांत राहतो. न्यायसूत्रात याला एक मोठे व्यावहारिक प्रमाण दिले आहे: वस्तूचा एक भाग धरला की सर्व वस्तू धरली जाते, एक भाग ओढला की सर्व वस्तू ओढली जाते, केवळ ढीग असता तर असे घडले नसते. डब्यांत भरलेल्या गाडीचे हँडल उचलले तर हँडलच हातात येते. सांगाड्यात इंजिन बसले, चाके चढली, शेवटचे बोल्ट आवळले गेले, आणि मग तेच हँडल धरून ओढले तेव्हा दीड मणाहून कितीतरी अधिक वजन एकसंध होऊन माझ्यामागे अंगणात आले. त्या ओढीत जे आले ते केवळ नाव होते, असे म्हणण्यास माझे खांदे तयार नव्हते. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात या युक्तीवरही शंका घेतलेली आहे, ती अशी की हे धरणे आणि ओढणे अवयवीमुळे नसून भाग एकमेकांस चिकटून राहिल्यामुळे घडते. आणि बोल्टांच्या बाबतीत ती शंका बळकट आहे हे मान्य केले पाहिजे.

मात्र न्यायमताची खरी अडचण पुढेच आहे. त्यांच्या शास्त्राप्रमाणे वस्त्रातून एक धागा जरी काढला तरी पूर्वीचे वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांत एक नवे खंडवस्त्र उत्पन्न होते. ‘हे तेच वस्त्र’ असे जे आपण म्हणतो ते सादृश्यामुळे. हा न्याय कसोशीने लावला तर एक ऑइल सील बदलताच मामांची गाडी संपली आणि दुसरी सुरू झाली. म्हणजे एका पक्षाच्या मते गाडी कधी नव्हतीच, आणि दुसऱ्या पक्षाच्या मते ती होती, परंतु दर दुरुस्तीगणिक निराळी होती. मामांच्या गाडीला ‘मामांची गाडी’ म्हणण्याची सोय दोघांनीही ठेवलेली नाही. परिवहन कार्यालयाने तेवढी ठेवली आहे.

या कोंडीतून मला जो मार्ग दिसला तो पैशाच्या तुटवड्याने दाखवला, आणि या लेखात सांगण्यासारखे माझ्याजवळ जे आहे ते एवढेच आहे. ज्याच्यापाशी भरपूर द्रव्य आहे तो जुनी गाडी विकत घेऊन ती ‘नवी करून’ मागतो. त्याला नवा सिलिंडर मिळतो, नवी टाकी, नवी रिम, नवे मडगार्ड, सारा पत्रा मूळ नमुन्याबरहुकूम बनवून मिळतो. शेवटी जुन्या क्रमांकाभोवती एक नवी गाडी उभी राहते, आणि ती सुंदर असते. ज्याला महिन्याच्या पगारातून घरखर्च वजा जाता उरेल त्यातच काम करावयाचे आहे, त्याला प्रत्येक भागापाशी थांबून एक प्रश्न विचारावा लागतो: हा भाग मेला आहे, की नुसता आजारी आहे? नवा आणण्याची ऐपत नसल्यामुळे जुन्याची परीक्षा अपरिहार्य होते. मग गंजून जखडलेला पिस्टन सिलिंडरात डिझेल ओतून काही दिवस तसाच ठेवला जातो आणि लाकडी ठोकळ्यावर हलके ठोके देत सुटतो. सिलिंडरात ओरखडे सापडले तरी तो टाकून न देता त्याचे भोक पाव-अर्धा मिलिमीटर मोठे करून घेतले जाते आणि तेवढ्याच मोठ्या मापाचा पिस्टन आणला जातो. टाकीतला गंज आत नट-बोल्ट टाकून, हलवून हलवून काढला जातो. प्लॅटिनम पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून पुन्हा उपयोगात येतात. एकाच वस्तूचे सातत्य राखण्याचे काम तेथे तत्त्वज्ञान करीत नाही, गरिबी करते. आणि ते ती इतक्या चोखपणे करते की श्रीमंतीला ते सहसा जमत नाही.

हे मी जवळून पाहिले ते क्रँकच्या बाबतीत. दोन-स्ट्रोक इंजिनात क्रँकची पेटी ही स्वतःच एक पंप असते. पेट्रोल, हवा आणि तेल यांचे मिश्रण आधी तिच्यात ओढले जाते आणि मग वर सिलिंडरात ढकलले जाते. म्हणून तिची सील सुटली की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि पिस्टन धरतो. आमच्या गाडीत सील तर गेल्या होत्याच, शिवाय कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंग इतके झिजले होते की रॉड हाताने वरखाली खडखडे. ऑपेरा हाऊसच्या आसपासच्या सुट्या भागांच्या दुकानांतून रॉड, पिन आणि बेअरिंग असा संच मिळाला. पण क्रँक हा एकसंध तुकडा नसून दाबाने एकत्र बसवलेली दोन जड चाके आणि त्यांमधली पिन यांचा असतो, आणि तो प्रेसवर उघडून पुन्हा बसवणे हे जिन्याखाली होण्यासारखे काम नव्हे. ते परळच्या एका गाळ्यात झाले. गिरण्यांच्या दिवसांत सुट्या भागांची कामे करणारे असे गाळे या भागात पुष्कळ होते. १९८२ च्या संपानंतर आणि गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिल्यानंतर त्यांतले थोडे उरले आहेत.

टर्नर वयस्कर होते. नवी पिन बसवून झाल्यावर त्यांनी क्रँक लेथच्या दोन टोकांमध्ये धरला, डायल गेजचे टोक एका बाजूच्या शाफ्टवर टेकवले आणि क्रँक हाताने सावकाश फिरवला. काटा एका ठिकाणी उजवीकडे गेला आणि परत आला. त्यांनी त्या जागेवर खडूने खूण केली, क्रँक काढला, तांब्याच्या हातोड्याने खुणेच्या समोरच्या बाजूस एक ठोका दिला, पुन्हा लेथवर धरला, पुन्हा काट्याकडे पाहिले. हे किती वेळा चालले याचे भान मला राहिले नाही. प्रत्येक वेळी काट्याची हालचाल थोडी कमी होत गेली, आणि ती मिलिमीटरच्या शतांशांत आल्यावर त्यांनी हातोडा खाली ठेवला. मी त्यांना विचारले की नवीन क्रँक मिळाला असता तर बरे झाले असते काय. ते म्हणाले, ‘‘ही चाकं मूळ कारखान्याची आहेत साहेब, पोलाद चांगलं आहे. मेली नाहीत ती. पिन मेली होती, ती काढली.’’ मृत आणि जीर्ण यांच्यातला हा भेद नागसेनांच्या प्रश्नमालिकेत मला आढळला नाही, नैयायिकांच्या धाग्याच्या दृष्टांतातही नाही, आणि तरी वस्तूंचे सातत्य राखणाऱ्या माणसाच्या हातात पहिले हत्यार हेच असते.

ऑपेरा हाऊसचा उल्लेख वर आला. गिरगावच्या त्या नाट्यगृहाचे उद्घाटन १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते झाले, १९९३ मध्ये ते बंद पडले आणि दीर्घ काळच्या जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडले. इमारतींच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकातील युरोपात या विषयावर मोठा वाद झाला होता. इंग्रज लेखक रस्किन म्हणे की जीर्णोद्धार म्हणजे वस्तूचा नाशच, कारण गेलेले हात परत येत नाहीत, आणि फ्रेंच वास्तुविद् व्हिओले-ल-द्यूक म्हणे की जीर्णोद्धार म्हणजे वस्तूला कदाचित पूर्वी कधीही नसलेल्या परिपूर्णतेस नेणे. दोघांचाही विचार मला सांगाड्यावरच्या एका सांध्याने करावयास लावला. जुना रंग खरवडताना तपकिरी-लाल थराखाली काळा थर निघाला, आणि मागच्या मडगार्डाच्या आधाराशी पितळ वितळवून भरलेला एक ओबडधोबड सांधा उघडा पडला. सांगाडा तेथे कधीतरी तडकला होता आणि कोणीतरी, बहुधा मामांनीच कारखान्यातल्या एखाद्या सोबत्याकडून, तो भरून घेतला होता. म्हैसूरहून निघालेल्या गाडीत तो सांधा नव्हता. ‘मूळ’ रूप हवे असेल तर तो घासून, नव्या वेल्डिंगने गुळगुळीत केला पाहिजे. परंतु मी जिचे पुनरुज्जीवन करीत होतो ती म्हैसूरच्या कारखान्याची गाडी की मामांची? कारखान्याची गाडी विकत घेतल्याच्या दिवशीच इतिहासजमा झाली होती. नंतरची सर्व वर्षे त्या पितळेत होती. सांधा मजबूत आहे याची खातरजमा करून घेतली आणि त्यावर पातळ रंग चढवला, असा की पाहणाऱ्यास त्याचा उंचवटा दिसावा.

येथे कोणी म्हणेल की धर्मदृष्टीने ही सारी खटपट मोहाची आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील जीर्ण वस्त्रांचा दृष्टांत आपल्या प्रत्येकाच्या कानावरून शोकप्रसंगी गेलेला असतो; तेथे तर जुने टाकून नवे घेणे हाच निसर्गक्रम सांगितला आहे, मग गंजलेल्या लोखंडात जीव अडकवून बसणे ही अज्ञानाचीच खूण नव्हे काय? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो बाहेरून आलेला नाही. जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या अनेकांच्या ठायी मी हा मोह पाहिला आहे: एक गाडी झाली की दुसरी, तिसरी, आणि कोठेतरी झाकून ठेवलेली चौथी. अपरिग्रहाचे व्रत त्याच्या विरुद्ध बोलते आणि ते योग्यच बोलते. परंतु दृष्टांताचा रोख देहाभिमान सोडविण्याकडे आहे, चांगले वस्त्र फेकण्याकडे नाही. आणि अपरिग्रहाचा सरळ अर्थ गरजेपलीकडे घेऊ नये असा असेल, तर असलेले दुरुस्त करून वापरणे हे त्या व्रताचे पालनच आहे. आज चाळीतली माणसे चांगला पंखा कंडेन्सर गेला म्हणून टाकतात, याला वैराग्य म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

शिवाय आपल्या धर्मात जीर्णोद्धार हे पुण्यकर्म मानले आहे, आणि त्याचा विधी पाहिला तर असे दिसते की सातत्याचा हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी फार बारकाईने हाताळला होता. भंगलेली मूर्ती हलवण्यापूर्वी तिच्यातील देवतातत्त्व कलशातील उदकात आवाहन करून घेतले जाते, काम पूर्ण होईपर्यंत पूजा त्या कलशाची होते, आणि मग प्रतिष्ठेने ते तत्त्व परत मूर्तीत येते. दरम्यान पूजेत खंड पडत नाही, हा त्या योजनेचा गाभा. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाचे १८०१ साली बांधलेले छोटे देऊळ गेल्या शतकाच्या अखेरीस जाऊन तेथे मजल्यांची भव्य वास्तू आली, तरी भाविकाने देव बदलला असे मानले नाही, कारण मूर्ती तीच होती. लालबागच्या सार्वजनिक गणपतींत तर मूर्तीही तीच नसते. गणेश गल्लीत १९२८ पासून आणि बाजारातल्या मंडळात १९३४ पासून दर वर्षी नवी मूर्ती घडते आणि दर वर्षी समुद्रात जाते. तरी नवस फेडण्यास आलेली बाई गेल्या वर्षीच्याच देवाकडे आलेली असते. तिची चूक होते असे म्हणणारे तत्त्वज्ञान मला अपुरे वाटते. द्रव्य राहिले नाही, आकारही दर वर्षी थोडा निराळा. राहते ती वर्षानुवर्षांची वहिवाट, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या लोकांनी ठरलेले कर्तव्य पार पाडणे. नागसेनांनीही रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचा दृष्टांत दिला आहे: पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच नाहीत आणि वेगळ्याही नाहीत, कारण दोन्हींचा आधार तोच एक दिवा आहे. त्या दिव्यात तेल घालीत कोणीतरी जागे असावे लागते, एवढीच भर मी त्यांच्या दृष्टांतात घालीन.

म्हणून ‘मूळ’ या गुणाविषयीची माझी समजूत बदलली. मूळपणा हा गाडीत साठवलेला गुण नसून तिच्याबाबत दिलेला खरा जबाब आहे. चोरीच्या गाडीवर दुसरा चेसिस क्रमांक ठोकणारा मनुष्य कायद्याचा जसा गुन्हेगार, तसाच नव्या पत्र्यावर जुना गंज चढवून ‘कारखान्यातून आली तशीच’ म्हणून विकणाराही सत्याचा अपराधी आहे, मग त्याच्या गाडीचा एकेक नट कितीही मूळ नमुन्याचा का असेना.

जे भाग खरोखर मेले होते ते मी भंगारवाल्याला वजनावर दिले, आणि ते देताना मनाला काही वाटले नाही. पुनर्जन्म होतो तो महाभूतांचा, आत्म्याचा नव्हे, असे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी प्रतिपादिले आहे. माणसाच्या बाबतीत त्यावर वाद घालणारे घालोत, अॅल्युमिनियमच्या पिस्टनच्या बाबतीत तरी ते अक्षरशः खरे आहे. उलट आमच्या गाडीचा दिवा आणि कार्ब्युरेटर चोरबाजारातून, म्हणजे कोणा दुसऱ्याच्या संपलेल्या गाडीतून आले आहेत. या साऱ्याचा हिशेब मी एका जाड वहीत ठेवला आहे. तिच्यात तीन रकाने आहेत: राखलेले, दुरुस्त केलेले, बदललेले, प्रत्येक नोंदीसमोर तारीख, भाग कोठून आला, किती पैसे पडले आणि काम कोणाच्या गाळ्यात झाले. पहिल्या रकान्यात सांगाडा आहे, इंजिनाचे आवरण आहे, क्रँकची दोन चाके आहेत; दुसऱ्यात सिलिंडर, टाकी आणि तो पितळी सांधा, ज्याच्यापुढे तारखेची जागा मला कोरी सोडावी लागली; तिसरा रकाना सर्वांत लांब आहे. परवा एक गृहस्थ गाडी पाहून थांबले आणि ती मूळची आहे काय, असे त्यांनी विचारले. मी वही आणून त्यांच्या हातात दिली, आणि ते जिन्याच्या पायरीवर बसून ती पहिल्या पानापासून वाचू लागले. ही गाडी पुढे भाच्याकडे जाईल, तेव्हा नोंदणीच्या कागदांबरोबर ती वहीही त्याच्या नावे होईल, आणि तिची मागची अर्धी पाने मी त्याच्यासाठी कोरी ठेवली आहेत.